मुदलाळी मासा होतात

मुदलाळींनी रीळ कानाशी धरलं होतं. डोळे मिटलेले. डाव्या हाताने हँडल हळूहळू फिरवत होते आणि मान डोलावत होते. काउंटरच्या अलीकडे मी आणि गोविंदराव, निकालाची वाट बघत उभे.

"षड्ज," मुदलाळी म्हणाले. "शुद्ध षड्ज. राव, हेच मागवायचं."

"मुदलाळी, त्याला गायचं नाहीये. मासा धरायचाय," मी म्हणालो.

"बेसूर वस्तू कुठलंच काम नीट करत नाही," ते म्हणाले आणि रीळ देवाच्या मूर्तीसारखं मखमलीवर ठेवलं.

मुदलाळी म्हणजे मालक. मद्रासला माउंट रोडवर त्यांचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं आणि मी त्यांचा सेल्समन. माझं आडनाव म्हात्रे, गाव अलिबागकडचं. थोरला भाऊ मद्रासजवळच्या आवडी गावी डिफेन्सच्या नोकरीत, त्याच्यामागोमाग मी आलो. पण मद्रासमध्ये मराठी माणूस म्हणजे राव. म्हात्रे म्हणायला त्यांची जीभ वळत होती, मन वळत नव्हतं. आमचं बोलणं अर्धं इंग्रजीत, अर्धं माझ्या मोडक्या तमिळमध्ये. इथे सगळं मराठीत सांगतो, म्हणजे निदान मी तरी शहाणा वाटेन.

मुदलाळींच्या कानाची गोष्ट आधी सांगायला हवी. मार्गळी, म्हणजे मद्रासचा गाण्याचा महिना, लागला की हा माणूस दुकानात कमी आणि सभांमधल्या मैफलींत जास्त. गाणारा किंचित घसरला तर इकडे यांच्या कपाळाला आठी. तोच कान ते दुकानात वापरत. बॅट आली की लाकडी हातोडीने ठोकून ऐकायची. रॅकेटची तार छेडायची. कॅरमचा स्ट्रायकर काचेवर टाकून बघायचा. आणि सांगायला वाईट वाटतं, पण ते कधी चुकत नसत. मोठमोठ्या क्लबांचे कॅप्टन बॅट घेऊन यायचे आणि म्हणायचे, "मुदलाळी, जरा ऐकून बघा." डॉक्टरकडे छाती दाखवायला यावं तसं.

पण बॅट आवाज करते ती चेंडू बसतो तिथून. रॅकेटही तशीच. रिळाचं तसं नाही. हे मला कळत होतं, त्यांना पटवायचं कसं ते कळत नव्हतं.

दुकानाच्या मागच्या बाजूला मासेमारीच्या सामानाचा काउंटर होता. साहेब लोक गेले आणि त्यावर धूळ बसली. मी ती झटकली. गळ लावून ठेवले, बांबूच्या काठ्यांना पॉलिश केलं, रविवारी अड्यार नदीच्या मुखाशी जाऊन गळवाल्यांशी ओळखी काढल्या. गिऱ्हाईक परतू लागलं. मुदलाळींना मात्र ती जागा कॅरम बोर्डांसाठी हवी होती. त्यांनी टेपने मोजूनही ठेवली होती, माझ्यासमोर.

त्या वर्षी इम्पोर्ट लायसन्सवर आम्हाला रिळांची एकच ऑर्डर देता येणार होती, आणि तीही एकाच मॉडेलची. एजंटने तीन नमुने ठेवले होते. सोमवारी तो ते परत नेणार आणि ऑर्डर घेऊन जाणार. निवड चुकली तर वर्षभर तोच माल डोक्यावर. "मग काउंटर बंद," मुदलाळी म्हणाले होते, "आणि तू कॅरम बोर्डांवर पावडर टाकत बस." म्हणजे माझ्या दृष्टीने प्रश्न रिळाचा नव्हता. पावडरीचा होता.

गोविंदराव हे आमचं मुख्य गिऱ्हाईक. तंजावरकडचे मराठी, तिरुवल्लिकेणीत घर, पोर्टात नोकरी आणि गळाने मासे धरणाऱ्यांच्या एका अँगलिंग क्लबचे सेक्रेटरी. त्यांच्या मराठीला तमिळ हेल. "अस्कींना एकच रीळ पाहिजे पा," ते म्हणाले. अस्की म्हणजे सगळे. "सकाळी ल्यूर, संध्याकाळी जिवंत बोय. दोन दोन रिळं घ्यायला आमचे मेंबर जमीनदार काय?"

आता ही अडचण समजावून सांगतो. स्पिनिंग रिळात लाईन गुंडाळलेला स्पूल जागेवर स्थिर असतो. काठी झटकली की लाईन त्याच्या कडेवरून वेटोळी घेत निघून जाते. हँडल फिरवलं की एक तारेची कमान तिला गोळा करून परत स्पूलवर घालते. लहान रिळात खाडीच्या माशाला पुरेल एवढी लाईन मावत नाही. मोठं रीळ बोटीवर ठीक, हातात धरून दिवस काढायचा तर मनगट जातं. म्हणून मधला आकार. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत.

पुढे दोन वाटा फुटतात. ल्यूर म्हणजे लाकडाचा किंवा पत्र्याचा खोटा मासा. तो फेकायचा, ओढायचा, पुन्हा फेकायचा, दिवसभर. त्याला रीळ हलकं हवं. जिवंत आमिषाचं उलट. एक जिवंत बोय, म्हणजे खाडीतला लहान मासा, गळाला लावायची, पोहू द्यायची आणि स्वस्थ बसायचं. जिताडा येतो. ज्याला हे लोक कोडुवा म्हणतात तोच आपला जिताडा. तो बोय तोंडात धरतो आणि आधी पळतो, मग गिळतो. पळताना त्याला जराही ओढ जाणवली तर थुंकून टाकतो. म्हणून रिळाचा ड्रॅग, म्हणजे ब्रेक, तेव्हा अगदी सैल हवा. मग हळूच स्क्रू पिळून तो घट्ट करायचा आणि झटका द्यायचा. सैल असताना रेशीम, घट्ट असताना लगाम, आणि मध्ये कुठेही अडकणं नाही.

तिन्ही नमुन्यांना मी नावं दिली होती. पहिलं रावसाहेब. दणकट, चकचकीत, जड. शनिवारी सकाळी गोविंदरावांनी आणि मी त्याच्यावर ल्यूर फेकून बघितले. इडली खायची वेळ झाली तेव्हा गोविंदरावांना चटणीची वाटी उचलवेना. रावसाहेब बाद.

दुसरं मैना. हलकं, सुबक, आणि हँडल फिरवलं की खरोखर गोड गुंजन. मुदलाळी हिच्या प्रेमात. फेकायलाही उत्तम होती, खोटं कशाला बोलू. तिसरं मुनीम. राखाडी रंग, सरळसोट घडण, आणि फिरवलं की सुपारी कातरल्यासारखी घरघर. मुदलाळींनी ते एकदाच कानाशी धरलं आणि लगेच कान चोळला.

मला मैनेचा ब्रेक संशयास्पद वाटत होता. बोटाने लाईन ओढली की ती निघे, थांबे, निघे. मुदलाळी म्हणाले, "तुझं बोट खरखरीत आहे."

मग मी पहिला प्रयोग केला. आगीसाठी भिंतीला टांगलेली वाळूची बादली काढली, लाईनला बांधली आणि माळ्याच्या कठड्यावरून खाली सोडली. खाली मुदलाळी, गोविंदराव आणि शटलकॉक घ्यायला आलेल्या कॉन्व्हेंटच्या दोन सिस्टर. आधी मुनीम. बादली लिफ्टसारखी उतरली. मग मैना. मी मनात म्हणालो, आता बघा.

मैनेवरही बादली लिफ्टसारखी उतरली. सिस्टरांनी टाळ्या वाजवल्या.

"झालं समाधान?" मुदलाळी म्हणाले. "सोमवारी मैना. आणि ती बादली जागेवर टांग."

मी बादली टांगली. पण टांगता टांगता डोक्यात उजेड पडला. बादली एकदा निघाली की निघाली. ती थांबत नाही, विचार करत नाही, वळत नाही. मासा हे सगळं करतो. ब्रेकची परीक्षा चालत्या माशाने होत नाही, थांबून पुन्हा निघणाऱ्या माशाने होते. मला बादली नको होती. मला डोकं असलेला मासा हवा होता, आणि निकाल ज्याला पटवायचा त्याच्याच हातात लाईन हवी होती.

मी मुदलाळींकडे बघितलं. उंचेपुरे, भरदार, हट्टी. जिताडाच.

"मुदलाळी, तुम्ही रीळ या टोकाने ऐकता. एकदा त्या टोकाने बघाल का?"

"म्हणजे?"

"म्हणजे उद्या संध्याकाळी मरीनावर तुम्ही मासा व्हायचं."

मुदलाळी एक पाऊल मागे सरकले.

"राव, मी शैव. माझ्या घराण्यात आजवर कुणी मासा खाल्लेला नाही."

"खायचा नाही मुदलाळी. व्हायचं."

त्यांनी मला माळ्यावर पाठवून दिलं. तासाभराने मी परत विचारलं. त्यांनी मला पोस्टात पाठवलं. आल्यावर मी परत विचारलं. शेवटी गोविंदराव मदतीला धावले. "मुदलाळी, तुम्ही मासा होऊन जे रीळ निवडाल ते आमचा क्लब डोळे मिटून घेईल. काठी मी धरतो. या पोराने लबाडी केली असं नको."

क्लबाची ऑर्डर ऐकल्यावर मुदलाळींच्या शैव सिद्धांताला जरा सवड मिळाली. "अट एक," ते म्हणाले. "कुठलं रीळ लावलंय ते मला सांगायचं नाही. मी पाठ करून पळणार. सच्ची वस्तू मी न बघता ओळखतो."

रविवारी संध्याकाळी मरीनाच्या वाळूत उभं राहिल्यावर मला पहिल्यांदा भीती वाटली. सगळं मद्रास हवा खायला आलेलं. मुदलाळींनी वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं धोतर, गुडघ्यावर दुमडली, अंगवस्त्राची गाठ मुठीत घट्ट धरली. त्या गाठीला मी लाईन बांधली. दोन्ही रिळांवर एकाच बंडलातली लाईन, काठीही एकच. बघता बघता कोंडाळं जमलं. सुंडल, म्हणजे उकडलेले चणे, विकणारा सुंडलवाला डबा खाली ठेवून बसलाच.

एक पोलीस आला. "काय चाललंय?"

"मासेमारी," गोविंदराव म्हणाले.

त्याने आमच्याकडे बघितलं, मुदलाळींकडे बघितलं, मग हात लांब करून दाखवलं. "समुद्र तिकडे आहे." आणि तोही थांबला.

मी हाक दिली. "मुदलाळी, तुमच्या तोंडात बोय आहे. अजून गिळलेली नाही. आरामात निघा."

मुदलाळी निघाले. चार पावलं गेले आणि थबकले. "कोण ओढतंय?"

"कुणी नाही. ब्रेक पूर्ण सैल आहे."

"सैल? माझ्या अंगवस्त्राला कुणी चिमटे काढतंय असं वाटतंय!"

"मग आमिष थुंकाल?"

"केव्हाच थुंकलं असतं!"

"नका थुंकू. गिळलं समजा. आता पळा!" गोविंदरावांनी स्क्रू पिळला. मुदलाळी पळाले, थांबले आणि माशासारखं वळून पुन्हा उसळी मारली. त्याच क्षणी लाईन अडकली. एक तटकन आवाज. लाईन तुटली आणि माउंट रोडवरचे एक प्रतिष्ठित व्यापारी वाळूत बसले.

"मासा गेला," सुंडलवाला म्हणाला.

मी धावलो. माझी नोकरीही गेली असं मला वाटलं. मुदलाळींनी माझा हात झटकला आणि उठून वाळू झाडली. त्यांचे डोळे चमकत होते. "दुसरं लाव," ते म्हणाले.

दुसरं लावलं. मुदलाळी निघाले. चालले, थांबले, पुन्हा चालले. "बांधलंय ना?" त्यांनी पाठमोरंच विचारलं. "मला काहीच लागत नाही."

"बांधलंय. पळा!"

मग जे झालं ते मरीनाने पाहिलेलं आहे. मुदलाळी पळाले. डावीकडे वळले, उजवीकडे वळले. थांबले, दबा धरला, उसळले. लाईन त्यांना सोडेना आणि तुटेना. जेवढं ओढतील तेवढी जड, पण लोण्यासारखी सुटत जायची. ते दमले की गोविंदराव गुंडाळायचे; लाटांच्या आणि लोकांच्या गलक्यात रिळाचा आवाज कुणालाच ऐकू येत नव्हता. शेवटी एका हातात वेष्टी, दुसऱ्या हातात अंगवस्त्र अशा थाटात मुदलाळी उलट्या पावलांनी आमच्यापर्यंत ओढले गेले. पोलिसाने स्वतः वाट मोकळी केली.

"हीच!" धापा टाकत, अजून पाठमोरेच, ते म्हणाले. "हीच माझी मैना! पहिला तो तुमचा घरघऱ्या होता. माझी फसगत होत नाही."

मुदलाळी वळले. गोविंदरावांनी काठी पुढे केली. तिच्यावर राखाडी मुनीम बसला होता.

मुदलाळींनी हँडल फिरवलं. घरघर. पुन्हा फिरवलं. घरघर. मग स्पूलची लाईन दोन बोटांनी ओढून पाहिली, थांबवली, परत ओढली. बराच वेळ.

"आवाज कुठून येतो?" त्यांनी विचारलं.

"हँडलच्या दातेरी चाकांतून. ब्रेक इथे पुढे, स्पूलमध्ये. तो आवाजच करत नाही. मैनेच्या ब्रेकमधल्या चकत्या एकमेकींना चिकटतात. मुनिमाच्या चिकटत नाहीत."

त्यांनी मान हलवली. "म्हणजे मी तंबोरा ऐकत होतो," ते म्हणाले. "गवयाने तोंडच उघडलं नव्हतं."

मोठा माणूस. असं वाक्य हरल्यावर सुचायला कान तयार लागतो. त्यांनी सगळ्यांना सुंडल दिलं, पोलिसालाही.

सोमवारी ऑर्डर गेली ती मुनिमाची. माल आला, क्लबाने घेतला. गोविंदरावांनी सकाळी ल्यूर फेकले आणि संध्याकाळी अड्यारच्या मुखाशी जिवंत बोयवर असा जिताडा काढला की दोघांनी तो उचलून दुकानात दाखवायला आणला. मुदलाळींनी लांबूनच त्याला हात जोडले. एक मासा दुसऱ्याला ओळखतो, असं मी म्हणालो नाही. फक्त चेहऱ्यावर दाखवलं. कॅरम बोर्ड आजही माळ्यावरच आहेत.

यातून घ्यायचा धडा असा. रीळ घेताना ते कानाशी धरून फिरवू नका. कुणाला तरी लाईनच्या दुसऱ्या टोकाला उभं करा आणि थांबत, निघत, वळत पळायला सांगा. मुदलाळींना हा धडा इतका पटला की त्यांनी दुकानाचा नियमच करून टाकला. मधल्या आकाराचं रीळ घेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला आता मागच्या गल्लीत नेऊन परीक्षा करून दाखवली जाते. गिऱ्हाईक काठी धरतं. मुदलाळी दारात खुर्ची टाकून डोळे मिटून बसतात आणि ताल धरतात.

मासा मी असतो.