पडद्याआडून न आलेली ओळ

बिरप्पाअण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आळंदच्या बाजारात तुरीच्या पोत्यावर बसलो होतो. "भाऊजी, हे गेले," पलीकडून त्यांची बायको, नागम्मावैनी, एवढंच म्हणाली. माझ्या मनात आलेला पहिला विचार सांगायची लाज वाटते… आता ती गोष्ट माहीत असलेला मी एकटाच उरलो.

अण्णा धनगराच्या घरातले. शाळा कन्नडची, घरी मराठी बोलायचे, पण मराठी अक्षर वाचता येत नसे. आमच्या मादन हिप्परग्याच्या जत्रेत मराठी नाटक व्हायचं आणि मी त्यात प्रॉम्प्टर, नट अडला की विंगेतून ओळ सांगणारा. नाटक बसवणाऱ्या मास्तरांनी मला तीन वर्षं 'पुढच्या जत्रेत राजा तूच' असं कबूल केलं होतं. चौथ्या वर्षी त्यांनी अण्णांचा आवाज ऐकला आणि ती भूमिका त्यांना दिली. वर मलाच सांगितलं, "तू वाचून दाखीव, त्यो पाठ करील." दोन महिने मी वाचत गेलो, अण्णा डोळे मिटून ऐकत गेले. "माझं पुस्तक म्हंजे तूच रे," म्हणायचे.

जत्रेत त्यांनी पहिले दोन अंक गाजवले. तिसऱ्या अंकात, दरबारातल्या लांब भाषणात ते अडले. विंगेकडे बघितलं. ओळ माझ्या बोटाखाली होती… मी ओठ मिटून घेतले. शिट्ट्या सुरू झाल्या. कुणीतरी ओरडलं, "आरं, राजा मुका हाय की!" सगळं गाव हसलं आणि खरं सांगतो, मला ते गोड लागलं. मास्तरांना मी म्हणालो, पान सापडलं नाही. अण्णांनी पुन्हा रंगमंचावर पाय ठेवला नाही.

बसवकल्याणला लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एकाकडे ते राहिले, कॅमेरा शिकले आणि काही वर्षांनी स्वतःचे चित्रपट काढू लागले. सगळे बिनबोलाचे. बस स्टँडवरचं भांडण, सासू-सुनेचा अबोला, कळपातून हरवलेलं मेंढरू. इकडे लोक मराठी, कन्नड, उर्दू बोलणारे, औरादकडे तेलुगू. पण सगळे एकाच पडद्यापुढे बसून हसायचे, डोळे पुसायचे. "बोलायचं काम काय?" अण्णा म्हणायचे आणि माझ्याकडे बघायचे.

मग एकदा त्यांनी मला संतपूरला शूटिंगला बोलावलं. गोष्ट एका नटाची. त्यातला प्रॉम्प्टर मी करायचा. हातात पुस्तक देऊन मला पडद्याआड उभं केलं. मी तोंड मिटलं.

"आसं न्हाई," कॅमेऱ्यामागून अण्णा शांतपणे म्हणाले. "त्या दिशी मिटलतास, तसं मीट."

सकाळपासून ऊन उतरेपर्यंत तेवढं एकच दृश्य. शेवटी मला रडू फुटलं. "अण्णा, चुकलं माझं."

"कामून रडायलास? झकास करायलास की. आनिक एकदा."

तो त्यांचा सगळ्यात गाजलेला चित्रपट. दर जत्रेत लावायचे, संपला की मला पुढे बोलावून गळ्यात हार घालायचे. लोक म्हणायचे, "काय अॅक्टिंग केलाव हो!" सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या तरी अण्णांच्या चालूच. बारा वर्षं हे चाललं. चारचौघांत थोबाडीत मारली असती तर मी सुटलो असतो. त्यांना ते ठाऊक होतं… म्हणूनच कधी मारली नाही.

तेराव्यानंतर वैनी म्हणाली, "यंदाबी तुमचाच पिच्चर लावू, भाऊजी. हार मी घालते." ते मात्र मला सोसलं नाही. हे सगळं लिहून काढलं आणि पेपरच्या पुरवणीकडे पाठवण्याआधी तिच्यापुढे वाचलं. ती सुपात डाळ पाखडत होती. तिचा हात थांबला.

"पेपरात कामून?" ती म्हणाली. "आमच्या गावात पेपर कोण वाचतंय? जिथं ह्यांना हसले, तिथंच हुबं ऱ्हाऊन सांगा. पिच्चर लावायच्या आदी."

"व्हय वैनी. हेच तिथं वाचून दाखवतो."

"कागद घरी ठिवून या," ती म्हणाली आणि डाळ पाखडू लागली.