हेमलताने पुन्हा शिवलेली शॉर्ट्स

हेमलताचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. राजधानीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये नळाला पाणी त्याच वेळी यायचं आणि सहाला जायचं. दीड तासात ती टाकी आणि चार बादल्या भरायची, कपडे धुऊन वाळत घालायची आणि तीन डबे करायची. एक नवऱ्याचा, एक मुलीचा, एक स्वतःचा. नवरा दीनानाथ एका मंत्रालयात दफ्तरी होता, फायली सांभाळायचा. सव्वासातला ती बसस्टॉपवर उभी असायची.

ओखल्याच्या एका एक्स्पोर्ट कारखान्यात ती ओव्हरलॉक मशीनवर टी-शर्टच्या बाजू शिवायची. मी तिथेच कटिंग मास्तर होतो. अकरा वर्षं तिचं काम पाहिलं. ती घाई करायची नाही आणि मागेही पडायची नाही. कारखान्यात मराठी आम्ही दोघंच. बाकी सगळे मला मास्टरजी म्हणायचे, ती काका म्हणायची.

ही २००३ सालची गोष्ट. तिची मुलगी सुनीती एप्रिलमध्ये सातवीत गेली होती. शाळेत पोहण्याचा तलाव होता. पोरगी पाचवीत पोहायला शिकली आणि तिला दुसरं काही सुचेना. बुधवार-शनिवार तलावाचा तास असायचा. त्या दिवशी ती न उठवता उठायची, आईला पाणी भरू लागायची. सातवीत रिलेच्या टीममध्ये तिचं नाव लागलं.

आणि त्याच एप्रिलमध्ये तिने पाण्यात उतरणं बंद केलं. कधी पोट दुखतं, कधी डोकं. तास सुरू झाला की बाकावर जाऊन बसायची. चौथ्या वेळी पोहणं शिकवणाऱ्या विजयालक्ष्मी मॅडमनी डायरीत लिहून पाठवलं की पालकांनी येऊन भेटावं.

हेमलताने घरी विचारलं. पोरगी आधी पोटाचंच कारण देत राहिली. शेवटी म्हणाली, "तो कॉस्ट्यूम मी घालणार नाही. पाय सगळे उघडे दिसतात. वर जिन्यात मुलं उभी असतात."

"बाकीच्या मुली घालतात ना?"

"त्या घालतात. मला नाही आवडत, यार."

"आईला यार म्हणू नकोस."

"सॉरी. पण नाही आवडत."

हेमलताने शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली आणि शाळेत गेली. मॅडम सरळ बाई होत्या. म्हणाल्या, "शॉर्ट्स चलेगी, घुटने के ऊपर तक. कॉटन नहीं, और ढीली बिल्कुल नहीं. लेकिन अगले शनिवार तक पानी में नहीं उतरी, तो रिले में दूसरी लड़की जाएगी."

हातात आठवडा होता. त्याच संध्याकाळी मायलेकी सरोजिनी नगरच्या बाजारात फिरल्या. मुलींच्या कपड्यांत एकतर झालरीचे फ्रॉक, नाहीतर तोच मांडीवर उंच कापलेला कॉस्ट्यूम. शॉर्ट्स होत्या त्या मुलांच्या. आत जाळी, बाहेर खिसे, कंबर भलतीच मोठी. एका दुकानदाराने सायकल चालवायची जाड पँट काढून दाखवली आणि म्हणाला, "पानी में भी चल जाएगी, बहनजी." हेमलता म्हणाली, "पहले आप चलके दिखाओ."

रविवारी ती बस बदलत गांधीनगरच्या कापडबाजारात गेली आणि ताणाचं गडद निळं कापड घेऊन आली. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलावर ठेवलं.

मी ओढून पाहिलं. उभं-आडवं दोन्हीकडे ताणत होतं. कापड योग्य होतं.

"माप काय?"

"सीट तीस." म्हणजे नितंबांचा घेर, इंचांत.

"अठ्ठावीसला काप."

ती हसली. "काका, पोर वाढतीये. बत्तीसला कापते. दोन वर्षं तरी जायला हवी."

"युनिफॉर्म नाही हा."

"दोन बोटं सैल म्हणजे ढीली नव्हे."

मी वाद घातला नाही. आपल्या घरांमधून शाळेचा कुठलाच कपडा अंगाबरोबर शिवत नाहीत. सातवीचा स्कर्ट नववीपर्यंत न्यायचा. आतून भरपूर माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडायची, खालची पट्टी दरवर्षी एकेक बोट उसवायची. हेमलताही तशीच वाढली होती. मंगळवारी इन्चार्जला विचारून तिने अर्ध्या तासात शॉर्ट्स शिवली. शिवण सरळ होती. माया आत दुमडून ठेवली होती, दोन्ही बाजूंनी.

बुधवारी सुनीती खुशीत पाण्याकडे गेली. सूर मारला आणि शॉर्ट्स पाण्याने भरली. दोन्ही पायांत फुगे झाले, कंबर खाली घसरली. पोरगी एका हाताने कंबर धरून, एका हाताने पोहत काठाला आली. कुणीतरी ओरडलं, "सुनीती, दूसरा हाथ घर पे भूल आई क्या?" सगळा तलाव हसला. माया दुमडलेली होती तिथे मांड्या सोलून निघाल्या होत्या, ते वेगळंच.

घरी येऊन तिने शॉर्ट्स बादलीत टाकली आणि म्हणाली, "मॅडमना सांग, दुसरी मुलगी घ्या."

गुरुवारी हेमलताने ती शॉर्ट्स माझ्या टेबलावर ठेवली. डोळे सुजलेले होते.

"सांगा काका, कुठे चुकलं?"

"तुला माहीत आहे."

तिने शॉर्ट्स उलटी करून दुमडलेली माया चिमटीत धरली. मग म्हणाली, "मी पुढच्या वर्षाच्या पोरीचं माप घेतलं."

"कापड उरलंय?"

"आहे."

मी तिला आधी कापडाची पट्टी मगभर पाण्यात बुडवायला लावली. भिजल्यावर ती अर्धं बोट सैल पडली. मी खडूने खूण केली. हे कुणी करत नाही, पण पाण्यातला कपडा कोरडा मापून चालत नाही. मग माझ्या अठ्ठावीसवरूनही खाली, सव्वीस आणि थोडं, असं माप ठरलं. लांबी गुडघ्याच्या वर चार बोटं. दोन पायांच्या मध्ये कापडाचा चौकोनी तुकडा, कळी, घालायची, म्हणजे शिवण मांडीला घासत नाही. कंबरेला रुंद इलॅस्टिक, नेफ्यात वर नाडी. खिसा नाही. शिवण चपटी, फ्लॅटलॉकवर. आत काहीही दुमडायचं नाही.

फ्लॅटलॉक तिचं मशीन नव्हतं. पहिल्यांदा कळीच्या कोपऱ्यात चुणी पडली.

"उसव," मी म्हटलं.

दुसऱ्यांदा धागा ओढला गेला.

"उसव."

"काका, दिसणार आहे का कुणाला?"

"तिला टोचणार आहे."

तिने उसवलं. तिसऱ्यांदा कोपरा बसला. शुक्रवारी कामानंतर ती एक तास थांबली आणि नेफा पूर्ण केला.

त्या संध्याकाळी पोरगी हात लावायला तयार नव्हती. हेमलताने तिला न्हाणीघरात नेलं, शॉर्ट्स घालायला लावली, वरून दोन बादल्या पाणी ओतलं आणि उठाबशा काढायला सांगितल्या. दीनानाथ बाहेरून मोजत होता.

"आई, ही कसली शिक्षा आहे?"

"बाबा, किती झाल्या?" पोरगी आतून ओरडली.

"बेचाळीस. थांबू नको."

"घसरली का?" आईने विचारलं.

"नाही."

"फुगली?"

"नाही."

"टोचतंय?"

पोरीने आणखी दोन उठाबशा काढून पाहिल्या. मग सुनीती म्हणाली, "अजून दहा काढू का?"

शनिवारी कारखाना चालू होता. तलावाचा तास अकराला. हेमलता मशीनवर होती, नजर घड्याळावर. पावणेअकरापासून तिच्या हातून तीन टी-शर्ट वाकडे गेले. अकरा वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहिलं. इन्चार्जने विचारलं तर म्हणाली, "साब, आज मेरे से मत पूछो." तिन्ही तिने स्वतः उसवून पुन्हा शिवले.

जेवणाच्या सुट्टीत गेटवरच्या चौकीदाराने हाक मारली, "हेमलता बहन, बेटी का फोन." ती डबा हातात तसाच घेऊन धावली. मीही मागे गेलो. तिने रिसीव्हर कानाला लावला आणि विचारलं,

"बोल ना. काय झालं?"

शाळेबाहेरच्या पीसीओच्या बूथवरून पोरगी ओरडत होती, मला लांबूनही ऐकू आलं. "आई, मी विसरूनच गेले!"

"काय विसरलीस?"

"शॉर्ट्स घातलीये तेच! तलावाच्या चार लांब्या मारल्या. बाहेर आल्यावर लक्षात आलं."

"आणि मुलं? जिन्यातली?"

"होती बहुतेक. मी नाही बघितलं."

"आणि रिले?"

"आहे मी. मॅडम विचारतायत, कुठून घेतली."

हेमलताने रिसीव्हर ठेवला आणि चौकीदाराच्या स्टुलावर बसली. चौकीदार म्हणाला, "सब ठीक?" तिने मान हलवली. मग डबा उघडला आणि तिथेच गेटवर बसून सगळा संपवला. दोन दिवस तिचा डबा अर्धा परत जात होता.

ती शॉर्ट्स एकच उन्हाळा चालली. अंगाबरोबर कापलेला कपडा तेवढाच चालतो. पुढच्या एप्रिलला सुनीती दोन बोटं उंच झाली होती. हेमलताने मार्चमध्ये सोळा दिवस ओव्हरटाइम केला. त्या पैशांतून ती पुन्हा गांधीनगरला गेली आणि तेच निळं कापड आणलं. या वेळी माझ्या टेबलावर आली नाही. पट्टी मगमध्ये बुडवली, खडूने खूण केली आणि त्या वर्षाच्या पोरीच्या मापाने कापली.