धाकटीसाठी स्थळ

पाय कापायचा हे ठरलं तेव्हा सरकारांनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, आणि तो पायाबद्दलचा नव्हता. "मग घोडीकडे कोण बघणार?" डॉक्टर बिचारे रक्तातली साखर, काळं पडलेलं मांस, वर सरकत चाललेलं विष असं सगळं समजावून थकले होते. ते म्हणाले, "घरात कुणीतरी असेलच ना?" घरात कुणी नव्हतं. होती ती घोडीच.

सरकार म्हणजे कुठले जहागीरदार नव्हेत. स्टेशनाबाहेर घोडागाड्यांचा थांबा आहे, तिथे त्यांनी जन्मभर गाडी हाकली. पण बसण्याची ऐट अशी, की मागे बसलेलं गिऱ्हाईक नोकर आणि पुढे बसलेले हे मालक वाटावेत. म्हणून बाकीच्या गाडीवानांनी सरकार म्हणायला सुरुवात केली आणि ते चिकटलं. घोडीचं नाव मात्र त्यांच्या बायकोने ठेवलं. शिंगरू घरी आलं त्या दिवशी नवरा जेवायचं विसरून तबेल्यात बसला, तेव्हा ती शेजारणीला म्हणाली, "सवत आणलीय ह्यांनी. आता मी थोरली आणि ती धाकटी." शिंगराची उंचीपुरी तांबूस घोडी झाली, तिला बघायला माणसं थांबू लागली, तरी ती धाकटीच राहिली. थोरली पुढे तापाने गेली. तेव्हापासून भिंतीच्या अलीकडे सरकार, पलीकडे धाकटी, असा संसार चालला होता. तिने पाय आपटला की हे खाटेवरूनच "हो, ऐकलं, ऐकलं" म्हणायचे.

ऑपरेशननंतर सरकारांनी पुतणीकडे राहायला जायचं होतं. पुतणी बँकेत नोकरीला, घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट चालू असली तर असली. ती पोरगी मनाने चांगली. काकांसाठी तिने बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतला, स्वतःच्या नवऱ्याचं टेबल हलवून खाटेला जागा केली. पण घोडीला जागा करणं तिच्या हातात नव्हतं.

"विकून टाका, काका," ती म्हणाली.

सरकारांनी तिच्याकडे असं पाहिलं, की तिने पुन्हा तो शब्द काढला नाही. विकलेलं जनावर ह्या हातातून त्या हातात जातं हे त्यांनी थांब्यावर डोळ्यांनी पाहिलं होतं. प्रत्येक हात आधीच्यापेक्षा वाईट, आणि शेवटचा हात खाटकाचा. तेव्हा विकायची नाही, सांभाळायला द्यायची. मालकी सरकारांची, चारापाणी सांभाळणाऱ्यांचं. त्यांनी तिच्यावर बसावं, तिला फिरवावं, लाड करावेत. नकोशी झाली तर परत करावी, पण परस्पर कुणाला देऊ नये. पुतणीने मोबाइलवर तशी जाहिरात टाकली, सोबत धाकटीचा फोटो. फोटोत धाकटीने रागाने कान मागे पाडलेले, कारण फोटो काढणारी पुतणी होती.

मग जे सुरू झालं ते म्हणजे थेट मुलीला स्थळं बघणं. सरकार कुबडी टेकत जायचे, पाण्याचा हौद हाताने ढवळून बघायचे, गवताची पेंढी नाकाशी धरायचे, तबेल्याच्या दारावर खिळा वर आलाय का म्हणून बोट फिरवायचे. लाकडाच्या वखारीचा एक मालक होता. त्याच्या मुलीला घोड्याचं वेड, जागा ऐसपैस, वर पत्रा नवा कोरा. सगळं जुळलं होतं. बोलता बोलता मालकाने डोकं खाजवायला हात वर केला आणि पायाशी झोपलेलं कुत्रं अंग चोरून टेबलाखाली गेलं. सरकारांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. "येतो आम्ही," म्हणाले, आणि पुतणीला घेऊन निघाले.

"अहो, पण काय झालं?" गाडीत बसल्यावर पुतणीने विचारलं.

"त्याचं कुत्रं बघितलंस का?"

तिने बघितलं नव्हतं. खरं सांगायचं तर ह्या प्रकाराने तिच्या नाकी नऊ आले होते. सुट्टीचे दिवस असे गोठे हुंगण्यात चालले होते, आणि धाकटीची सोय लागेपर्यंत ऑपरेशन नको म्हणणाऱ्या काकांचा पाय इकडे दिवसेंदिवस काळा पडत होता.

शेवटी घोडेस्वारी शिकवणारी एक शाळा सरकारांच्या पसंतीला उतरली. तिथल्या मास्तरांनी हयात घोड्यांत घालवली होती, आवाज कधी चढवत नसत. धाकटीला ट्रकमध्ये सरकारांनी स्वतः चढवलं, स्वतः उतरवलं, तोंडाभोवती दोरीची मोरखी बांधली, मानेवर थाप मारली आणि मागे न बघता निघून आले. आठवडाही झाला नाही तोच मास्तरांचा फोन. आवाज चढला होता.

"तुमची घोडी घेऊन जा. मोरखीला हात लावू देत नाही. हरभऱ्याची चंदी दिली तर बादली लाथाडते. काल माझ्या खांद्याचा लचका तोडलाय. मी अशी वाईट घोडी जन्मात पाहिली नाही!"

सरकारांनी फोन ठेवला, आणि आता जे सांगतो ते त्यांना शोभत नाही, पण खरं आहे: ते मनातून सुखावले. त्या दिवशी थांब्यावर जाऊन त्यांनी हे सगळ्यांना रंगवून सांगितलं. एवढा मोठा मास्तर, पण धाकटीने जवळ उभं केलं नाही! गाडीवान हसले. धाकटीची कीर्ती त्यांना ठाऊकच होती.

ती परत आली त्याच संध्याकाळी पुतणी त्यांच्या पायाची पट्टी बदलत होती. वास इतका यायचा, की ती तोंडाने श्वास घेत काम करायची आणि ते त्यांना दिसू नये म्हणून बोलत राहायची.

"काका, ही अशी का आहे हो? जन्मापासूनच माणूसघाणी?"

"छे! शिकवलंय मी तिला," सरकार म्हणाले. छाती थोडी पुढे आलीच.

आणि त्यांनी सांगितलं. धाकटीच्या आधीचा त्यांचा घोडा थांब्यावरून चोरीला गेला होता. गरीब जनावर, ज्याने दोरी धरली त्याच्या मागे मुकाट गेलं. पुन्हा कधी सापडलं नाही. त्या वेळी सरकारांनी कानाला खडा लावला. धाकटी आली तेव्हा त्यांनी ओळखीच्या एकेकाला घरी बोलावलं. आज हमाल, उद्या पोस्टमन, परवा शेजारी. प्रत्येकाने हातावर गाजर धरायचं, गोड बोलायचं. शिंगराने मान पुढे केली की नाकपुडीला जोरात चिमटा काढायचा, कान पिरगाळायचा. ते किंचाळत मागे पळालं की कोपऱ्यातून सरकारांनी यायचं, गळ्याशी घ्यायचं, गाजर आपल्या हाताने भरवायचं. जगातले सगळे हात वाईट, एक सरकारांचा तेवढा चांगला. हे तिच्या डोक्यात पक्कं बसायला फार वेळ लागला नाही. पुढे तर गिऱ्हाइकांशी पैज लागायची, की धाकटीला मोरखी घालून दाखवा आणि गाडीतून फुकट फिरा. फुकट कुणी फिरलं नाही.

"काकूच्याही हातचं खायची नाही," सरकार म्हणाले. "तुझी काकू म्हणायची, मेल्यावर तरी ही मला—"

ते मध्येच थांबले. पुतणीचा पट्टी गुंडाळणारा हातही थांबला होता. सरकार भिंतीकडे बघत बसले. भिंतीपलीकडे धाकटी चंदी खात होती, दाणे फुटल्याचा आवाज येत होता. इतकी वर्षं ज्याची शेखी मिरवली ते काय होतं, हे त्यांना त्या घटकेला पहिल्यांदा कळलं. घोडा चोरीला जाऊ नये म्हणून त्यांनी घोडी अशी करून ठेवली होती, की ती आता कुणाला देताही येणार नव्हती.

नर्सबाई भेटल्या त्या पुतणीच्या ओळखीतून. हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या, एकट्या, घरामागे मोठं कुरण आणि त्यात एक म्हातारं आंधळं गाढव. सरकारांनी ह्या वेळी हौद ढवळला नाही की खिळे चाचपले नाहीत. सगळं आधी सांगून टाकलं, चिमट्यासकट. नर्सबाईंनी ऐकून घेतलं. "मी जन्मभर न खाणारी माणसं जेवायला घातलीत," त्या म्हणाल्या. "सोडा इथे. बघू."

बाईंनी खरंच जिवाचं रान केलं. रोज कुरणात स्टूल टाकून बसायच्या. धाकटीकडे बघायच्याही नाहीत, नुसतं विणकाम करत बसायच्या. गाढव त्यांच्या मांडीवर मान टेकायचं. धाकटी फाटकाशी उभी, तोंड रस्त्याकडे. गवत खायची, ते कुणाच्या हातचं नव्हतं म्हणून. बादलीला तोंड लावायची नाही. पुढे तिला मागच्या पायाला तारेने कापलं, जखम चिघळली, माश्या बसू लागल्या. गुरांचे डॉक्टर आले, जखम रोज धुवावी लागेल म्हणाले आणि हात टेकून गेले. गुंगीची पूड चंदीतून द्यावी, तर चंदी कोण खातंय?

नर्सबाईंनी फोनवर हे सगळं सांगितलं, आणि शेवटी डॉक्टरांचं म्हणणंही सांगितलं. थंडीत गवत संपेल. त्या आधी जखम वर चढेल. जिला कुणी हात लावू शकत नाही अशा घोडीला असं कुजत ठेवण्यापेक्षा एका इंजेक्शनने झोपवलेलं बरं.

"तुमचे डॉक्टर गेले खड्ड्यात," म्हणून सरकारांनी फोन आपटला.

पुढे ढकलत आणलेलं ऑपरेशन आता सोमवारी होतं. शनिवारी त्यांनी पुतणीला सांगितलं, मला तिथे ने. त्यांनी मनाशी काहीतरी ठरवलंय एवढं तिला कळलं, काय ते कळलं नाही.

फाटकापासून बऱ्याच लांबवर गाडी थांबली तेव्हाच धाकटी खिंकाळली. सरकार दोन्ही कुबड्यांवर खुरडत आत गेले. ती लंगडत आली. तिच्या बरगड्या मोजता आल्या असत्या. तिने कपाळ त्यांच्या छातीवर टेकवलं, आणि त्यांना वाटलं, आता आपल्याच्याने हे होणार नाही. पण दुसरा उपाय नव्हता. नर्सबाई थोड्या अंतरावर, सरकारांनी सांगितलं होतं तशा, हातावर गाजर धरून उभ्या होत्या. सरकारांचा हात वाईट झाला तर कदाचित दुसरा हात चांगला वाटेल. ज्या वाटेने शिकवलं त्याच वाटेने उलटं जायचं, एवढंच त्यांना सुचलं होतं.

त्यांनी एक कुबडी टाकली, तिची नाकपुडी चिमटीत धरली आणि सगळा जोर लावून पिरगाळली.

धाकटी हलली नाही.

त्यांनी कान धरून पिळला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, कातडी मानेपासून शेपटीपर्यंत थरथरली, पण पाय जागचा उचलला नाही. "जा!" ते ओरडले. "जा ना तिकडे! जा, रांडे, जा!" त्यांनी उरलेल्या कुबडीने तिच्या मानेवर मारलं, एकदा, दोनदा. तोल गेला आणि ते तिच्यावरच कोसळले. ती आणखी पुढे सरकली आणि त्यांना पेलून उभी राहिली, गाडीला जुंपताना उभी राहायची तशी, शहाण्यासारखी. फाटकापाशी पुतणी तोंडावर हात घेऊन रडत होती.

"पुरे करा," नर्सबाई म्हणाल्या. गाजर त्यांच्या हातातून खाली पडलं होतं. "पुरे. घेऊन जा तिला."

"कुठे?" सरकारांनी विचारलं.

चौथ्या मजल्यावर? थांब्यावर, की त्या लचका तोडलेल्या मास्तरांकडे? सरकार आयाळीत बोटं रुतवून उभे होते. त्यांनी तिच्या नाकपुडीवरून अंगठा फिरवला. तिथे लाल वळ उठला होता. ती त्यांचा सदरा हुंगत होती, खिशात काही आणलंय का बघत होती. त्यांनी काही आणलं नव्हतं. खाली पडलेलं गाजर गाढवाने चाचपडत शोधून काढलं आणि खाल्लं.

"तुमच्या त्या डॉक्टरांना फोन करा," सरकार म्हणाले.

"जखमेसाठी?"

सरकारांनी मान हलवली. नाही म्हणून.

नर्सबाई हळूच म्हणाल्या, "घाई करू नका, सरकार. तुमचं ऑपरेशन होऊ दे. तुम्ही बरे झालात की बघू. आणि ते इंजेक्शन सोपं नाही, डॉक्टर म्हणाले होते. सुई शिरेत जावी लागते, जनावर शांत उभं राहिलं पाहिजे. ही कुणाला जवळ येऊ देणार?"

"म्हणूनच आज बोलवा," सरकार म्हणाले. "उद्या मी हॉस्पिटलात असेन. आज मी धरतो तिला. मी धरलं की ती हलत नाही."