शापावर पोथी थांबवत नाहीत

त्या पावसाळ्यात आमच्या चर्चमधली पेटी बंद होती, आणि खरं सांगायचं तर माझी प्रार्थनाही बंदच होती. पेटी माझा दादा वाजवायचा. सागर नुसता मित्र नाही, जोडीदार आहे, आम्ही राजारामपुरीत एकत्र राहतो, हे दादाने काही न लपवता सांगितलं आणि चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांनी त्याला पेटीवरून उठवलं. आधार कशाचा, तर बायबलातल्या रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय. देवाला सोडून मूर्तींपुढे वाकलेली माणसं, आणि मग पुरुषांचे पुरुषांशी, बायकांचे बायकांशी संबंध, असं तिथे लिहिलंय. दादा भांडला नाही. आमच्याकडे जेवायला आला की ताटाच्या कडेवर बोटं वाजवत बसायचा. मला ते बघवेना. बोटं देवाने दिली आणि देवाच्याच घरात त्यांना बंदी? मी चिडून देवालाच विचारलं, तू तिथे आहेस, की नुसते पंचच आहेत?

मी चळवळीतली मुलगी. राग आला की पत्रक काढायचं, एवढंच मला येतं. शिवाजी पेठेतल्या छापखान्यातून गठ्ठा उचलला. मथळा ठळक: ‘हा दोष मूर्तिपूजकांना, प्रेम करणाऱ्यांना नव्हे!’ ते पत्र लिहिणारा पौल बोलतोय ते परक्या देवळांतल्या स्वैराचाराबद्दल, माझ्या दादाचा त्याच्याशी काय संबंध? मला तर मुद्दा बिनतोड वाटत होता.

नवं पीक देवाला वाहायच्या हंगामाच्या सणाआधीच्या रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मंडळीला थांबवून घेतलं. दादाचा काय तो निर्णय आज होणार होता. सागर आपल्या आईला शिरोळहून घेऊन आला होता. मावशी चर्चमध्ये पहिल्यांदाच येत होत्या. वाटेत अंबाबाईचं दर्शन घेतलेलं, कपाळावर ठसठशीत कुंकू, पिशवीत घरच्या गुऱ्हाळाचा गूळ. मी उत्साहाने त्यांच्याही हातात पत्रक दिलं. त्यांनी ते अक्षर अक्षर लावून वाचलं.

“पोरी, हे मूर्तीवालं म्हंजे कोण गं?”

“जुन्या काळातले, मावशी. रोममधले.”

“मूर्तीवाली तर मी बी हाय की! म्हंजे पोरांवरचा दोष काढून माझ्या डोस्क्यावर घातलास व्हय?” आणि त्या चक्क हसल्या. “घाल, घाल. माझं डोस्कं टणक हाय. पर पेटी वाजली पायजे.”

उरलेला गठ्ठा बाकाखाली सारला आणि मनात म्हटलं, प्रभू, माझ्याकडचं संपलं. आता तूच बघ.

सगळ्यात ज्येष्ठ पंच शमुवेलमामा उठले. दादाला उठवलं होतं ते त्यांनीच. खणखणीत आवाजात त्यांनी तो अध्याय वाचला. असली माणसं मरणाला पात्र आहेत, हे शेवटाला येतं. तिथे पुस्तक मिटून ते उभे राहिले. दादा फरशीकडे बघत होता.

तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला. “अवो पावणं, थांबलासा का?”

“अध्याय संपला, बाई.”

“मरणावर? आमच्यात शापावर, मरणावर पोथी थांबवत न्हाईत. घरादाराला बाधतं. बरी वळ येईस्तवर वाचा की!”

कुणीतरी खुदकन हसलं. पाळकसाहेबही हसू दाबत म्हणाले, “वाचा मामा, बरी ओळ येईपर्यंत. पौलाने अध्याय पाडले नव्हते, ते मागाहून पडले.”

मामांनी पुन्हा पुस्तक उघडलं. पुढचंच वाक्य होतं की दुसऱ्याला दोष लावणाऱ्या माणसा, तुलाही सबब नाही, कारण तूही तेच करतोस. मामांनी सुरुवात केली ती गडगडाटात, पण निम्म्यावर त्यांचा आवाज खाली आला. मावशी मात्र थांबू देईनात. देवाची ममता आणि सहनशीलता माणसाला वळवते, तिथवर मामा पोचले तेव्हा मावशी म्हणाल्या, “हां. आता ठिवा.”

मामांनी खुणेची फीत पानात घातली. मग म्हणाले, “मला अजून पटलेलं नाही. पण हे माझ्याच तोंडून निघालंय, माघारी कसं घेऊ?” बाकीच्या पंचांकडे त्यांनी पाहिलं. कुणी हरकत घेतली नाही. मग दादाला म्हणाले, “पेटीवर धूळ बसलीय. पूस जा.”

दादाने रुमालाने पेटी पुसली. दमट हवेने दोन पट्ट्या अडकत होत्या, तरी वाजली. मावशींनी भजनातल्यासारख्या जोरात टाळ्या धरल्या आणि आमचं सावकाश गायन त्यांच्यामागे पळायला लागलं. मी रडतही होते आणि हसतही. नंतर त्यांनी गूळ वाटायला काढला, तर कागद नाही. मी बाकाखालचा गठ्ठा ओढला. ठळक मथळ्यावर गुळाचा खडा ठेवून पहिला मामांना दिला. त्यांनी कागद निरखला, म्हणाले, “छपाई बरी आहे,” आणि बोट चाटलं.

अन्याय दिसला की मी आजही पत्रक काढते. गप्प बसणं मला जमणार नाही, आणि देवाने ते माझ्याकडे मागितलेलंही नाही. पण मी हात टेकले तेव्हा त्याने उभं कुणाला केलं? जिच्यावर मी दोष ढकलला होता, तिलाच. देवबापा, तुझे उपकार कसे मोजू? आता कुठलंही पत्रक छापायला टाकण्याआधी मी शिरोळला फोन लावून मावशींना वाचून दाखवते. त्या शेवटपर्यंत ऐकतात आणि विचारतात, “बरी वळ आली का गं?”

आली नसेल, तर मी पुढे लिहिते.