सुका घास

मेस चालवली की दोन गोष्टींचा ढीग होतो, उष्ट्या ताटांचा आणि किश्श्यांचा. ताटं त्याच दिवशी घासावी लागतात, नाहीतर वास येतो. किस्से तसेच पडून राहतात. आता आमची बेंगळूरच्या पीण्या भागातली, कारखान्यांच्या वस्तीतली मेस बंद झाली, शटर खाली आहे, घासायला ताटं नाहीत. म्हणून हा दुसरा ढीग घेऊन बसलोय. पूर्वी सांगायला वेळ नसायचा. आता वेळ आहे, तर ज्यांना ऐकून हसू आलं असतं ती माणसं टेबलावर नाहीत.

आणि हे सगळे किस्से लाळेचे आहेत! नाक मुरडू नका. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, मलाही आधी किळसच वाटायची. आपल्या बोलण्यात लाळेला मान कुठं आहे? लाळ गाळणारा, लाळघोट्या, सगळ्या शिव्याच. पण एका माणसाची लाळ आटलेली मी पाहिली. तेव्हापासून गळ्यात लाळेरं बांधलेलं बाळ समोर आलं, की वाटतं, केवढा श्रीमंत आहे हा!

* * *

मेसचा नियम एकच होता आणि तो अक्काचा. अक्का म्हणजे माझी बायको. कारखान्यातली पोरं तिला अक्का म्हणत, म्हणजे थोरली बहीण. एकदा घाईघाईत मीही हाक मारली, "अक्का, ताक आण!" त्या दिवशी मला ताकच जेवायला मिळालं. लिहिताना अक्का म्हणतोय, तिच्या कानावर जात नाही तोवर ठीक आहे.

नियम असा, की पंगतीतल्या शेवटच्या माणसाचा शेवटचा घास पोटात गेल्याशिवाय कुणी पानावरून उठायचं नाही. लग्नकार्यात ठीक आहे हो, पण इथं जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची आणि डोक्यावर कारखान्याचा भोंगा! मी म्हटलं, "अगं, गिऱ्हाईकं पळतील."

ती म्हणाली, "पळू देत. एकट्यानं जेवायला त्यांच्याकडे खोली आहे की."

कुणी पळालं नाही. आमच्या भिंतीकडच्या टेबलावर तिघं ठरलेले. अण्णा, एका कारखान्यातले फिटर. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपासून बेंगळूरचं, मराठीत कानडी अशी मिसळलेली, की वेगळी काढता यायची नाही. दुसरे जोगळेकर साहेब, सरकारी कारखान्यातले इंजिनिअर, पुण्याहून आलेले. तिसरा माने, सांगलीकडचा, अण्णांच्याच कारखान्यात लेथवर काम करणारा. तिघं जेवायला बसले आणि वाढून झालं, की मीही चौथा बसायचो.

अण्णा जेवायला बसले म्हणजे भट्टीत कोळसा टाकल्यासारखं. दोन भाकऱ्या, भात, ताक, खलास! आणि जोगळेकर साहेब एकेक घास चावत बसायचे, रवंथ केल्यासारखे. नियमामुळं अण्णांना उठता यायचं नाही. मग ते रिकाम्या ताटावर बोटानं टकटक करायचे आणि ओरडायचे, "साहेब, स्वल्प लवकर! पंगत खोळंबलीय!"

स्वल्प म्हणजे थोडं. पण साहेबांनी कधी थोडंसुद्धा लवकर केलं नाही.

* * *

साहेबांना वाचायचा नाद. ते सांगायचे, "अण्णा, पचन पोटात नाही, तोंडात सुरू होतं. लाळ नुसतं पाणी नाही. त्यात असा रस असतो, की भाकरीतल्या पिठाची तो साखर करतो."

"मग मी इतकी वर्षं साखर न करताच गिळली म्हणा की!"

"खोटं वाटतं ना? नुसती भाकरी चावा. गिळायची नाही."

अण्णांनी घेतला घास. कालवण नाही, मीठ नाही. चावतायत, चावतायत. माने कौतुकानं त्यांच्या जबड्याकडं बघतोय. अण्णा गप्प बसलेले आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. बऱ्याच वेळानं त्यांचे डोळे मोठे झाले. घास गिळून म्हणाले, "अय्यो, गोड लागतंय की हो!"

अक्का वाढायला उभी होती. म्हणाली, "बरं झालं कळलं. दसऱ्याला खीर करत नाही. सगळ्यांनी चार वेळा जास्त चावा!"

* * *

अण्णा शिकलेलं वाया घालवणारे नव्हते. खाणं नुसतं दिसलं, वास आला तरी लाळ सुटते, हे साहेबांनी सांगितलं आणि अण्णांनी ते मनात ठेवून दिलं.

कारखान्याच्या गेटवर तोतापुरी कैरीची गाडी लागते. उभ्या चिरलेल्या फोडी, वर तिखटमीठ. एक दिवस अण्णा आणि माने उशिरा कामावर गेले. सुपरवायझर दारातच उभा. त्यानं झाडायला सुरुवात केली. अण्णा खाली मान घालून ऐकतायत आणि हळूच कागदातली एकेक फोड चाटतायत.

माने मला मामा म्हणायचा. तो सांगायचा, "मामा, त्या सुपरवायझरला एका वाक्यात तीनदा आवंढा गिळावा लागला! 'तुम्ही लोक', गिळला. 'कंपनीचा वेळ', गिळला. शेवटी म्हणतो..."

मग अण्णा स्वतः बसल्या जागीच त्या सुपरवायझरसारखा हात पुढं करायचे. "शेवटी म्हणतो, 'एक फोड दे इकडं!'"

* * *

आता वरणातल्या खड्याची गोष्ट. यात अक्का रडली होती, म्हणून ती असताना सांगायची नाही.

जोगळेकर साहेबांच्या जबड्याखाली सूज यायला लागली. गंमत म्हणजे जेवण समोर आलं की यायची आणि जेवण झालं की उतरायची. अण्णा म्हणाले, "साहेब, तुमच्या गळ्यालाही भोंगा बसवलाय काय?"

डॉक्टरनं तपासून सांगितलं, की लाळेच्या ग्रंथीच्या नळीत खडा अडकलाय. ग्रंथी लाळ तयार करते, वाट बंद, म्हणून ती फुगते. भरपूर पाणी प्या, आंबट चोखा, लाळेच्या जोरानं सुटला तर सुटला. अण्णांना तर मेजवानीच! "लाळेची पूजा करणाऱ्याच्याच पायपात चोकअप!"

अक्का रोज साहेबांच्या ताटात लिंबाची जास्तीची फोड ठेवायची. एके दुपारी साहेब वरणभात जेवत होते आणि दाताखाली कट्‌ आवाज आला. त्यांनी बोटानं काढून ताटाच्या कडेला ठेवला. पांढरट खडा.

"अक्का," ते जरा मोठ्यानंच म्हणाले, "वरणात खडा आहे."

सगळ्या मेसनं माना वळवल्या. अक्का स्वतः डाळ निवडायची, चष्मा लावून, दाराच्या उजेडात. ती आत गेली, डाळीचा डबा परातीत पालथा केला आणि डोळे पुसत एकेक दाणा बघायला बसली. मी समजावतोय, ती ऐकत नाही.

इकडं साहेबांनी सवयीनं जबड्याखाली हात नेला. चाचपलं. पुन्हा चाचपलं. सूज नाही! उठायची सोय नाही, पंगत अजून संपलेली नव्हती. बसल्या जागेवरून ते आतल्या दाराकडं बघून म्हणाले, "अक्का, डाळ भरून ठेवा. खडा माझा आहे."

* * *

असे आम्ही हसत होतो. मग अण्णांच्या गळ्यात गाठ निघाली.

रेडिएशन झालं. गाठ गेली. मी आणि माने त्यांना शेवटच्या तपासणीला घेऊन गेलो होतो. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, मराठी थोडी समजायची. अण्णांनी तोंड उघडून दाखवलं. जीभ उन्हात राहिलेल्या चामड्यासारखी.

बाईंनी स्वतःच्या चेहऱ्यावर बोट ठेवून दाखवलं. एक ग्रंथी कानापुढं, एक जबड्याखाली, एक जिभेखाली. तशाच तीन दुसऱ्या बाजूला. दिवसभर त्या लिटरभर लाळ करतात, आपल्याला पत्ताही नसतो. घास भिजवतात, चव जिभेपर्यंत नेतात, गिळायला निसरडं करतात, दात सांभाळतात. गाठ जाळताना त्याही भाजल्या. थोड्या परत येतील, नाहीतर नाही येणार.

अण्णा ऐकत होते. मग फिटरच्या भाषेत म्हणाले, "म्हणजे मशीन ओके आहे. ऑइल संपलंय."

बाई म्हणाल्या, "हो."

"टॉप-अप?"

त्यांनी फाइल मिटली. पाण्याची बाटली जवळ ठेवा म्हणाल्या.

रिक्षात माने रडायला लागला तर अण्णा त्याच्यावर ओरडले, "एवढं पाणी वाया घालवू नको रे!"

* * *

अण्णा मेसमध्ये परत आले त्या दिवशी अक्कानं त्यांच्यासाठी आंबील केली होती, मऊ भात केला होता. अण्णांनी भाकरी मागितली. म्हणाले, "आंबील घरी पण मिळते. मी पंगतीला आलोय."

त्यांनी तुकडा तोंडात घातला. चावला. पाण्याचा घोट घेतला. पुन्हा चावला. माणूस लोखंडाचा कीस चावतोय असं वाटत होतं. पाणी घेतलं की चव जायची, नाही घेतलं की घास टाळूला चिकटायचा. साऱ्या मेसमध्ये भराभर जेवणारा माणूस आणि अर्धी भाकरी होईना.

आमची जेवणं कधीच झाली होती. नियमाप्रमाणं सगळे बसून. हात वाळले. भोंग्याची वेळ झाली तशी मानेची नजर दाराकडं गेली. वाईट हेतूनं नाही हो. रोजंदारीचा माणूस, जाणारच.

अण्णांनी ते पाहिलं. ते ताटावरून उठले. पाणी पिऊन म्हणाले, "उठा रे. माझं झालं."

ताट उचलताना अक्काला वाटीखाली दडवलेली भाकरी सापडली.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले नाहीत. तिसऱ्या दिवशी नाही. माने त्यांच्या घरी गेला तर म्हणाले, "तुम्ही सगळे माझ्यासाठी खोळंबणार. तुमचा अर्धा दिवस कापून घेतील. नको."

अक्कानं डबा धाडायला सुरुवात केली. रोज काही ना काही पातळ. डबा स्वच्छ धुऊन परत यायचा. एकदा निरोपही आला, "अक्काला सांग, चांगलं होतं. पण डब्यात पंगत मावत नाही."

त्या दिवशी अक्का मला म्हणाली, "मी नियम मोडून टाकते. ज्याचं झालं त्यानं उठावं."

जोगळेकर साहेब टेबलावरून ऐकत होते, तेच म्हणाले, "मोडलात तर ते येतील, अक्का. पण मग आम्ही उठून गेलेल्या टेबलावर एकटेच चावत बसतील."

केवढ्या मायेनं केलेला नियम! आणि त्यानंच माणसाला दाराबाहेर ठेवलं. मी अजून विचार करतो, पण त्यात कुणाचं काय चुकलं, ते मला सापडत नाही.

* * *

शेवटी साहेबांनी तोड काढली. रविवारी मेस बंद असते, भोंगाही नसतो. रविवारी आपण चौघांनी बसायचं. अक्का स्वतः अण्णांना सांगायला गेली. त्यांनी आढेवेढे घेतले. तिनं सांगितलं, "तुम्ही आला नाहीत तर मी चूल पेटवणार नाही." मग म्हणाले, "सरी." म्हणजे बरं.

असे रविवार फार मिळाले नाहीत. त्यातला पहिला सांगतो.

अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले. बाटली काखेत. भिंतीकडच्या आपल्या जागेवर बसले. अक्कानं ज्वारीच्या भाकऱ्या केल्या होत्या, वांगं, ताकाची कढी. अण्णांच्या भाकरीला तिनं तूप जरा जास्त लावलं. ते त्यांनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

आम्ही जेवायला लागलो. माने गावाकडच्या म्हशीचं काहीतरी सांगत होता. साहेब हसत होते. अण्णा घास घेत, कढीचा घोट घेत, डोळे मिटून चावत. मध्येच थांबत. पुन्हा चावत.

मी भाकरी जवळजवळ संपवली आणि शेवटचा तुकडा उचलणार, तेवढ्यात का कुणास ठाऊक, हात थांबला. तुकडा ताटातच ठेवला. शेजारी पाहिलं तर मानेच्या ताटात एक तुकडा, तो त्याचे दोन करत होता. हा एरवी भाकरीबरोबर बोटंही खायचा! समोर जोगळेकर साहेबांच्या ताटात नखाएवढा तुकडा. तो त्यांनी उचलला, पाहिला, मोडला, अर्धा परत ठेवला.

म्हशीची गोष्ट संपली. दुसरी सुरू झाली. दारातलं ऊन टेबलापासून सरकून पलीकडच्या भिंतीवर गेलं. कढी गार झाली, अक्कानं गरम करून आणली. कुणी उठलं नाही. अक्कानं एकदा सगळ्यांच्या ताटांवरून नजर फिरवली आणि "भात आणू का?" असंही न विचारता आत जाऊन उभी राहिली.

अण्णांनी शेवटचा घास घेतला. चावला. खूप वेळ चावला. गिळला. बोटं चाटली, ताट पुसून घेतलं, बाटलीचं झाकण लावलं. मग त्यांनी माझ्या ताटात पाहिलं. मानेच्या ताटात पाहिलं. साहेबांच्या ताटातल्या त्या मुंगीएवढ्या तुकड्याकडं बराच वेळ पाहत राहिले.

आणि रिकाम्या ताटावर बोटानं टकटक करून, त्या कोरड्या घशातून जेवढा निघेल तेवढा आवाज काढून ओरडले,

"साहेब, स्वल्प लवकर! पंगत खोळंबलीय!"