मुलीची खुर्ची कुठे आहे?

अफीताईंची आणि माझी ओळख झाली ती त्यांच्या रागावण्यातून. मूळच्या आफ्रिकेतल्या टोगो देशाच्या अफीताई जर्मनीतल्या कार्ल्सरूहे शहराच्या वाचनालयात परदेशी पालकांना शाळेची पत्रे समजावून देत असत. मी पिशवीतून एक कागद काढून पुढे केला. तो वाचून त्यांनी विचारले, "यावर सही का केलीत?"

"वर्गाच्या बाईंनी सांगितलं म्हणून," मी म्हटले.

आमची मुक्ता तेव्हा सात वर्षांची होती. ती वर्गात तोंड उघडत नाही, म्हणून तिला फ्योर्डरशूलेत, म्हणजे शिकण्यात मागे पडणाऱ्या मुलांच्या शाळेत, पाठवावे असे त्या कागदात होते. आम्ही दोघेही चांगले इंजिनियर. पण माना डोलावून संमती देऊन मोकळे झालो होतो. गुरुजनांना उलट विचारायचे नाही, हे आमच्या हाडीमाशी खिळलेले.

अफीताईंनी संमती मागे घेण्याचे पत्र तिथल्या तिथे माझ्याकडून लिहून घेतले आणि शाळेत बैठक ठरवली. त्या दिवशी आम्ही सगळे बसलो. मुक्ता माझ्या मागे उभी. अफीताई काही बसेनात.

"मुलीची खुर्ची कुठे आहे?"

खुर्ची आली. मग त्यांनी पहिला प्रश्न मुक्तालाच केला, "वर्गात का बोलत नाहीस?"

मुक्ता जर्मनमध्ये म्हणाली, "मोठ्यांसमोर तोंड उघडायचं नाही, असं आई सांगते."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्यानंतर मात्र मुक्ता जी बोलत सुटली, ती बाईंनी घड्याळ दाखवेपर्यंत. तिची शाळा बदलली नाही.

पुढे अफीताई घरच्याच झाल्या. त्यांच्या हातची मिरचीची चटणी खाऊन आमच्या कोल्हापूरच्या सासूबाईंनीही पाणी मागितले होते! एकदा मी त्यांना त्या खुर्चीबद्दल विचारले. त्या म्हणाल्या, "माझी शाळा बंद करायचं काका-मामांनी ठरवलं, तेव्हा मी अंगणात उभी होते. मला कुणी बस म्हणालं नाही." नंतर त्या शाळेत परतल्या त्या स्वतःच्या हट्टावर. तोच हट्ट त्यांनी इथे कितीतरी मुलांसाठी धरला.

मुक्ता आता शिक्षिका आहे. गेल्या महिन्यात तिच्या पहिल्या पालकभेटीची तयारी करायला मी तिच्या वर्गात गेले. आईची, वडिलांची आणि बाईंची, अशा तीन खुर्च्या मांडल्या.

"आई, नाइन, नाही! अजून एक, मुलाची," असे म्हणत तिने चौथी खुर्ची ओढून आणली.

इतक्या वर्षांनी मी पुन्हा तीच चूक केली होती. अफीताई, तुमची साठी झाली म्हणतात. पण आमच्यासारखे विसराळू अजून पुष्कळ आहेत. म्हणून खूप जगा, धडधाकट राहा आणि आम्हांला असेच रागावत राहा.