सहा फूट दोन इंच, सावकाश

माझ्या सासऱ्यांइतका उंच माणूस पुण्यात एखादा सापडेलही, पण इतक्या लांब पायांनी इतकं थोडं अंतर कापणारा दुसरा सापडायचा नाही. उंची सहा फूट दोन इंच. मी लग्न होऊन बिबवेवाडीच्या घरी आले तेव्हा ते कारखान्यातून ड्राफ्ट्समन म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते, आणि त्यांची जगाविरुद्ध एकच तक्रार होती. शाळेत, कॉलेजात, कारखान्यात, जिथे म्हणून शर्यत असे तिथे कोणीतरी त्यांचे पाय बघायचं आणि परस्पर नाव लिहून टाकायचं. ते दर वेळी शेवटचे येत. मला त्यांनी एकदा कागदावर आकृती काढून समजावलं होतं. "वेग म्हणजे पावलाची लांबी गुणिले पावलांची संख्या. माझी लांबी भरपूर आहे. संख्येत जरा गडबड आहे." त्यांनी सकाळी निवडायला घेतलेली गवार आम्हाला रात्रीच्या जेवणात मिळायची, त्यामुळे मला ते लगेच पटलं.

सासूबाई चार फूट दहा. मंडईतून परतताना त्या पुढे धावत जाऊन बसच्या दारात उभ्या राहत आणि कंडक्टरला सांगत, "आमचे हे येतायत. तिकडे दोन खांब दिसतायत ना, त्यातला हलतोय तो."

मी तेव्हा येरवड्याजवळ एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. कंपनीने एका रविवारी कर्मचाऱ्यांच्या घरच्यांसाठी खेळ ठेवले. रिले शर्यतीत आमचा एक गडी कमी पडला. माझ्या मॅनेजरने सासऱ्यांना पाहिलं आणि त्याचे डोळे चमकले. "अंकल, लास्ट लॅप तुम्ही घ्या. हाइट आहे तुमची."

सासऱ्यांचा चेहरा पडला. सुनेचं ऑफिस, नाही कसं म्हणणार? ते निमूटपणे पँट दुमडायला लागले. मला सगळं माहीत होतं, तरी साहेबापुढे माझं तोंड उघडलं नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

तेवढ्यात सासूबाईंनी पदर खोचला. "त्यांना राहू द्या. मी पळते."

मॅनेजरने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याला फार वेळ लागला नाही. "काकू, तुम्ही?"

"तुमचं बघून झालं असेल तर निघते."

त्यांच्या हातात दांडा आला तेव्हा आम्ही चौथे होतो. त्यांची पावलं मोजायची सोय नव्हती, नुसती साडीची निरी थरथरताना दिसत होती. दोन तरण्या मुलांना मागे टाकून त्या दुसऱ्या आल्या. वाटेत कुठेही इकडेतिकडे पाहिलं नाही. विचारलं तर म्हणाल्या, "गर्दीत मला सगळ्यांच्या पाठीच दिसतात. शेवटच्या रेषेपलीकडे यांचा हात तेवढा वर दिसत होता. तिकडे गेले."

सासऱ्यांनी ते वाक्य शेजाऱ्यापाजाऱ्यांना महिनाभर ऐकवलं.

आता सासूबाईंचे गुडघे दुखतात. संध्याकाळी दोघं फिरायला जातात तेव्हा मागे पडायची पाळी त्यांची असते. सासरे थांबत नाहीत, तसं केलेलं सासूबाईंना आवडायचं नाही. ते बुटाची नाडी बांधायला वाकतात. एवढा मोठा देह वाकून पुन्हा सरळ व्हायला बराच वेळ लागतो, तोवर त्या येऊन पोहोचतात. परवा मी म्हणाले, "आई, बाबांना बिननाडीचे बूट आणू का? सारखं वाकावं लागतं त्यांना."

सासूबाई रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "नको. नाडीचेच असू दे."